जबडा उघडत नाय!

"आज डेमो, उद्या कायम!" असं ठणकावून सांगूनच हरेश पेणच्या घरातनं निघाला. रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत तो कंत्राटी वायरमन. हायड्रॉलिक केबल कटर कसा वापरायचा हे जो झकास समजावील, त्याला मोठे साहेब कायम करणार होते. "हमरापूरला तुझ्या आयेला पण कळव गो!" जाता जाता त्याने बायकोला, दिपिकाला, बजावलं.

सुरुवात तर फक्कड झाली! हेल्मेट, चष्मा, हातमोजे. हरेश नवरदेवासारखा सजला होता, कंपनीचा फोटोवालाही हजर होता. "मंडळी, ह्याच्या जबड्यात बोट घालायचं नाय. केबलची वीज बंद हाय ना, हे तपासल्याबिगर लावायचा नाय. वापरला की पुसून ठेवायचा. आणि लोखंडाला? अजिबात नाय! तांबं नि अॅल्युमिनियम, बस्स!"

साहेबांनी मान डोलावली आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. हरेश इथंच गप्प बसला असता, तर काय बिघडलं असतं?

पण मागून काळुराम फिटर म्हणाला, "लोखंड कापत नाय? मग कसला रे कटर! आमच्या घरची विळी बरी."

झालं! हरेशचा तोल गेला. त्याने कोपऱ्यातली सळई उचलली, जबड्यात धरली आणि दांडा हापसायला लागला. खट्! सळई अर्धी कापली, पातं रुतलं, जबडा घट्ट बसला. दाब सोडायची चावी त्याने जीव खाऊन पिळली. ढिम्म!

घामाघूम होऊन त्याने मेंटेनन्सच्या ग्रुपवर लिहिलं, 'जबडा अडकलाय. उघडत नाय. तेल पण गळतंय. कोणीतरी धावा!'

तेवढ्यात साहेब परतले. "मोबाईल बाजूला ठेवा आधी! आणि हे काय करून ठेवलंत? मी जेवून येतो, तोवर उघडा."

हरेशने मोबाईल कपाटात टाकला. मेसेज गेला होता सासरच्या 'हमरापूर फॅमिली' ग्रुपवर!

तिकडे सासूबाई, सगुणाबाई, गणपतीच्या मूर्तींना पांढऱ्या रंगाचा हात मारत होत्या. दिपिकाचा रडत फोन आला. "आये, ह्यांचा जबडा बसला गो! फोन पण उचलत नाय!"

"उचलून बोलंल कसा? धनुर्वात हाय ह्यो!"

"आणि तेल गळतंय म्हणून लिहिलंय."

"लाळ असंल गो! घाईत तेल झालं. जावयाला लोखंड लागलं असणार!"

या एका बाबतीत मात्र सगुणाबाई अगदी बरोबर होत्या.

रोह्याला निघालेल्या गणपतींच्या टेम्पोतच त्या चढल्या, पेणला दिपिकाला घेतलं आणि थेट धाटाव! कंपनीचा गार्ड पासाशिवाय सख्ख्या भावाला आत सोडत नाय. पण टेम्पोभर बाप्पांना पास कोण विचारणार? त्याने चपला काढून गेट उघडलं.

साहेब कधीचेच जेवून आले होते. हरेश अजून चावी पिळतच होता. सगुणाबाई खोबरेलाची बाटली घेऊन घुसल्या आणि रंगाने माखलेल्या हातांनी त्याची हनुवटी पकडली.

"गप ऱ्हावा जावय! हलू नका!"

"अवो आई, माझा नाय! त्या कटरचा जबडाऽऽ!" हरेशने हा एवढा आ वासला.

"उघडला गो दिपिका, उघडला!"

नेमका तेव्हाच कंपनीच्या फोटोवाल्याने फोटो काढला. ओढाताणीत हरेशच्या हातातली चावी उलटी फिरली आणि कटरनेही आ वासला. इतका वेळ पठ्ठ्या चावी सोडायच्या ऐवजी आवळत होता! पात्याला पडलेली खाच साहेबांनी डोळे भरून पाहिली.

हरेश काय कायम झाला नाय. फोटो मात्र झाला. गेटवर मोठा करून लावलाय: वासलेलं तोंड, हनुवटीला पांढरे हात, शेजारी कटर. खाली लिहिलंय, 'असे करू नये'.

सगुणाबाईंचा चष्मा हमरापूरला असतो. त्यामुळे रोह्याला गणपती पोचवायला निघाल्या, की त्या मुद्दाम टेम्पो वळवून तिथं थांबवतात आणि ड्रायव्हरला कौतुकाने सांगतात, "बघ, आमचे जावय! कंपनीत कायमचे लागलेत!"