सिस्टरांचा दवाखाना

बंद पडलेला लॅपटॉप समोर आला की सिस्टर आधी त्याच्यावर हाताची मागची बाजू ठेवायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात, तशी. मग डोळे मिटायच्या. मग विचारायच्या, "कवापासनं असं हाय?"

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर त्या शिरूरला आमच्या शेजारी राहायला आल्या. माहेर तळेगाव ढमढेरे. पेन्शनीत निवांत बसतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला, मग दुरुस्तीचा लावला, आणि ओसरीवर एक टेबल मांडलं. नाव कुणी विचारलंच नाही. सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं.

ओसरीवर चपला घालून यायची बंदी. टेबलाला हात लावण्याआधी हात धुवायचे, मालकानंसुद्धा. नातेवाइकांनी मध्ये बोलायचं नाही. नातेवाईक म्हणजे लॅपटॉपचा मालक.

"पेशंट खोटं बोलत न्हाई," त्या म्हणायच्या, "नातेवाईक बोलत्यात."

एकदा आमच्या सोसायटीचे चेअरमन आले. आपोआप बंद पडला, काहीच सांडलं नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. सिस्टरांनी लॅपटॉप उलटा करून हळूच ठोकला. बटणांच्या फटीतून मुंग्यांची रांग बाहेर पडली. सिस्टरांनी ती शेवटपर्यंत जाऊ दिली आणि शांतपणे विचारलं, "चेअरमन, चहात साखर जरा जास्तच घेता व्हय?"

माझा लॅपटॉप बंद पडला तेव्हा पुण्यातल्या दुकानदारानं सगळं पुसून नव्यानं भरायला सांगितलं होतं. सिस्टर भडकल्या. "पाय दुखतोय म्हणून पाय कापायचा का, सर?" त्यांनी बॅटरी काढली, वायर काढली आणि मला चालू करायचं बटण नुसतं दाबून धरायला लावलं. "अंगातली उरलीसुरली वीज उतरू द्या." बॅटरी बाजूलाच ठेवून नुसती वायर जोडली, तर लॅपटॉप सुरू झाला. दोष बॅटरीत होता. मी फी विचारली तर म्हणाल्या, "दोन दिस जड काम देऊ नका त्याला."

असे किती तरी पेशंट त्या ओसरीवरून चालते होऊन गेले. पण मला आठवतात ते म्हस्कू आप्पा.

आप्पा मांडवगण फराट्याकडचे. वडिलांपर्यंत मेंढरं होती, आता शेती. मुलगी सोनाली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. दुपारची जीप पकडून बापलेक आले, लॅपटॉप घोंगडीत गुंडाळलेला. वर्षभर केलेलं प्रोजेक्ट त्यात होतं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात दाखवायचं होतं. दुसरीकडे कुठंच ते उतरवून ठेवलेलं नव्हतं. सोनाली खाली मान घालून उभी होती. मी सहज डोकावायला गेलो होतो, तो तिथंच थांबलो.

"लाइट गेली हुती," आप्पा म्हणाले. "आली ती फाडदिशी आली. बल्ब फुटला, आन् ह्यो बी गप झाला. मेंढरू असतं तर मीच बघितलं असतं. ह्यातलं काय कळत न्हाई."

सिस्टरांनी हात ठेवला. वायर दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहिली, वायर ठीक होती. बॅटरी काढून झाली, बटण दाबून झालं. मेमरीची पट्टी काढून, खोडरबरानं घासून परत बसवली. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. शेवटी त्यांनी मागचे स्क्रू काढले आणि वाकून वास घेतला. मलाही तो आला. जळक्याचा.

सोनालीलाही आला असावा. ती वाकून उघड्या लॅपटॉपात बघायला लागली.

"काय झालं, सिस्टर?" आप्पांनी विचारलं.

सिस्टरांनी लॅपटॉपच्या कडेची हार्ड डिस्कची चपटी डबी अलगद ओढून काढली, एका खोक्यात बसवली आणि वायर आपल्या कॉम्प्युटरला जोडली. खोक्यावर हिरवा ठिपका लुकलुकला. बारीक घरघर ऐकू आली. मग पडद्यावर एकेक फोल्डर उमटायला लागलं.

"ये गं, बाळा. तुझं कुठलं?"

सोनालीनं बोट ठेवलं. फाइल उघडली. आकृत्या, तक्ते, सगळं जागेवर. तिला रडू आवरेना. आप्पांना काही कळत नव्हतं, ते मुलीकडे पाहून डोळे पुसत होते.

"अंग जळालं, पण जीव राहिला," सिस्टर म्हणाल्या. प्रोजेक्ट त्यांनी सीडीवर उतरवलं, मग दुसऱ्या सीडीवर. एक मुलीला दिली, एक आप्पांच्या खिशात घातली. "आप्पा, ही घरी कपाटात ठेवा. आन् ह्यो लॅपटॉप आता चालायचा न्हाई. नवा बोर्ड घालण्यात राम न्हाई."

"मग राहू द्या हितंच," आप्पा म्हणाले. "भंगारात द्या." संध्याकाळची जीप गाठायला दोघं घाईनं निघाले. दारातून सोनाली परत आली आणि सिस्टरांच्या पाया पडली.

मी म्हणालो, "सिस्टर, निवृत्तीनंतर कशाला एवढा व्याप? डोळे दुखतात, पाठ दुखते."

त्या टेबलावरचे स्क्रू गोळा करत होत्या.

"वार्डात कुणी गेलं ना, सर, की बाहेर जाऊन सांगायला मलाच धाडायचे. मी दारात दिसले की लोकं उठून उभी राहायची. माझ्या हाताकडं बघायची, काय आणलं का म्हणून. माझे हात कायम रिकामे." त्यांनी मुठीतले स्क्रू टेबलावर ठेवले. "हितं निदान कायतरी हातात देता येतंय."

सिस्टरांनी भंगारात जायचा तो लॅपटॉप जवळ ओढला, खालचं झाकण बसवलं आणि एकेक स्क्रू परत पिळायला लागल्या.

"फेकायचाच आहे ना तो?" मी विचारलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पर असा उघडा कसा धाडायचा?"

मग ओलं फडकं घेऊन त्यांनी त्याची धूळ पुसली.