आंदणातला पासवर्ड

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कुरखेडा तालुक्यात नेटच्या बाबतीत माझ्यावरचा माणूस नाई! कोणाचं वायफाय बंद पडो, कोणाचा टीव्ही रुसो, फोन येते तो मलेच. "मिथुनभाऊ, या ना जरा!" मी जातो, तार हलवतो, वायफायची डबी बंद करून चालू करतो अन् चहा पिऊन वापस येतो. लोक म्हणते, मशीन मिथुनले भेते. मलेही तसंच वाटे.

म्हणून बहिणीच्या लग्नात मी जे केलं, ते आमच्या झाडीपट्टीत आजपर्यंत कोणी केलं नसन. नूतनले वडशाले दिली. आंदणात लोक काय देते? कपाट, कूलर, दिवाण. मी म्हटलं, हट्! आपण कशाचे भाऊ मंग? सिनेमा अन् सिरियलवाल्या खात्याचा पासवर्ड देऊ! बिल भाऊ भरन, बहीण पाहात बसन.

"अहो, आंदणात वस्तू देते," माझी बायको रीता म्हणाली. "पासवर्ड कोण देते?"

"तेच तं! कोणी देत नाई म्हणून आपण देऊ!"

लग्नात बुद्धवंदना झाली, हार घातले अन् माइकवर आंदण-आहेर पुकारणं सुरू झालं. पुकारणारे आमचे गुणवंतराव. त्याइले माइकची गरज नाई, पन माइकले त्याइची सवय झाली आहे. "मुलीचे भाऊ मिथुनभाऊ यांच्याकडून बहिणीले एक पासवर्ड... आजन्म!"

मंग मागून कोणीतरी ओरडलं, "आंदण हाय तं दाखवा ना!"

आता पासवर्ड कसा दाखवाचा? गुणवंतरावनं माझ्या हातातला कागद ओढला अन् एकेक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं. तेवढ्यावर थांबले नाई. आहेर दोनदा पुकारायची पद्धत आहे म्हणून परत एकदा वाचलं! मी धावेपर्यंत अर्ध्या मांडवानं मोबाइल काढले होते.

पन खरं सांगतो, मले राग नाई आला. कारण नूतनची सासू गिरजाबाई उठली, माझ्या गालावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. "असा भाऊ मी पाह्यला नाई बाप्पा!" साऱ्या वडशात आमच्या नूतनची मान वर झाली.

काही महिने मजेत गेले. गिरजाबाईले, म्हणजे आमच्या गिरजामावशीले, एक कोरियन सिरियल लागली, हिंदीत बोलणारी. त्यातल्या पोरीचं नाव कोणालेच म्हणता येत नाई, म्हणून मावशीनं तिचं नाव चिमी ठेवलं. चिमी रडली की मावशीच्या घरी भाजी खारट होते, असं नूतन सांगे.

अन् ऐन मंडईच्या तोंडावर फोन आला.

"दादा, टीव्ही बंद पडला. त्याच्यावर काहीतरी लिहून आलं."

"वाच."

"हा टीव्ही या खात्याच्या घरातला नाही."

पलीकडं फोन ओढल्याचा आवाज झाला अन् मावशी आली. "जयभीम मिथुनभाऊ. एक विचारू? आमी तुमच्या घरातले नाई काय?"

"मावशी, ते मी नाई म्हटलं, कंपनी म्हणून राह्यली..."

"कंपनीले कसं माहीत? तिनं काय आमचं लग्न पाह्यलं? तुमीच सांगतलं असन! चिमीचे दोनच भाग राह्यले होते, अन् तुमी आंदन वापस घेतलं!"

फोन बंद! मले लाज वाटली, भीती वाटली, पन त्याहून जास्त नवल वाटलं! कुठी दूर विदेशात बसून कंपनीले समजलं की आमची नूतन सासरी गेली! रेशन कार्डावर तिचं नाव अजून आमच्याच घरी आहे! मी टीव्हीकडं पाहून मनातल्या मनात हात जोडले.

आमच्या बाबानं, लहानूजीनं, मले ते हात जास्त वेळ जोडू दिले नाई. "आंदन वापस घेते काय कोणी? पोरीनं सासरी तोंड कसं दाखवाचं?" माय, मनकर्णाबाई, ताटावरून उठली.

मंग मी कंपनीचे नियम वाचले. जो टीव्ही महिन्यातून एकदा मालकाच्या घरच्या वायफायले जोडला, तो घरातला! बस! मी फोन लावला. "मावशी, मंडईले येताच आहे ना? येताना टीव्ही घेऊन या! आपण त्याले घरातला करून टाकू!"

आता मंडई म्हणजे तुमाले माहीत आहे. दिवाळी झाली की आमच्या इकडं गावोगावची मंडई भरते, नाटक असते, अन् ज्या गावची मंडई त्या गावात प्रत्येक घरी सगळे सोयरे. पन गिरजामावशीनं सगळ्या सोयऱ्याइले फोन करून सांगतलं, "मिथुनभाऊ मंडईले सगळ्याइचे टीव्ही घरातले करून देऊन राह्यले!" अन् माइकवर पासवर्ड ऐकलेल्या सगळ्याइच्या टीव्हीवर तेच लिहून आलं होतं.

सकाळी दारात काळीपिवळी जीप थांबली. आधी गोधडीत गुंडाळलेला टीव्ही उतरला, मंग गिरजामावशी, मंग नूतन अन् जवाई निकेशभाऊ. मी टीव्हीले पाणी विचारायच्या बेतात होतो, तेवढ्यात दुसरी काळीपिवळी! ब्रह्मपुरीचे सोयरे, टीव्ही मांडीवर. एक जोडपं मोटारसायकलवर, मधात टीव्ही. आमच्या सोयऱ्यातल्या सोनीबाई तं बैलबंडीतून आल्या, धानाच्या तणसावर टीव्ही निजवलेला, वरून चादर, जशी बाळंतीण घरी आणली!

"माय वं!" माय म्हणाली. "माणसं कुठी बसवू? पाट टाकायच्या जागेवर टीव्ही बसले!"

खरंच बसले होते. ओसरीभर, अंगणभर, फाटकापासून गोठ्यापर्यंत. मी शेजाऱ्याइकडून तारा मागवल्या, बोर्डाले बोर्ड जोडले अन् एकेकाले वायफाय दिलं. मंग एकदम सगळे उजळले. बाप्पा! मी दिवसभर मशीनमध्ये राह्यतो, पन असं कधी पाह्यलं नव्हतं. आमच्या शेणानं सारवलेल्या अंगणात भर दुपारी इतके टीव्ही, सगळ्याइवर एकच रंग! मंडईले जाणारी माणसं फाटकाशी थांबली. बाबानं डोक्यावरची टोपी काढली.

"लावा चिमी!" कोणीतरी ओरडलं अन् सगळ्याइनं संगच लावली.

सगळे टीव्ही काळे! लिहून आलं, एका वेळी इतक्या ठिकाणी पाहता येत नाही.

गोंधळ माजला. "माझा लावा!" "आमी बंडीनं आलो, आमचा आधी!" दोन सोयरे तं एकाच तारेले धरून बसले. तेवढ्यात गिरजामावशी उठली अन् पदर खोचून म्हणाली, "चुप! एकच लागन. माझा. बसा सगळे!"

अन् सगळे बसले! मावशीनं आधी मागची सगळी कथा सांगतली. काय सांगतली, बाप्पा! नागपूरच्या पुढं न गेलेली बाई कोरियातल्या घराची भानगड अशी सांगे जसं ते घर वडशाच्या स्टेशनमागंच आहे. चिमीले घरातून काढलं तिथी आली तेव्हा माय रडली, सोनीबाई रडल्या, मीही डोळे पुसले. मंग शेवटून दुसरा भाग लागला. चिमी पावसात सासूच्या दारात उभी, दार बंद, अन् भाग संपला!

"पुढचा लावा!" मीच ओरडलो.

"नाटकाची वेळ झाली," मावशी म्हणाली. "शेवटचा मी माझ्या घरी पाहीन. आपल्या माणसाचं शेवटचं आपल्या घरी पाहावं."

दुसऱ्या दिवशी सगळे टीव्ही गेले. मी भांडी घासून राह्यलो होतो, तं मोबाइलवर कंपनीचं काहीतरी आलं. मंजूर करता का? हात राखेनं भरले होते. कोपरानं दाबलं, मंजूर! मंग जेवून चिमीचा शेवटचा भाग पाहाले बसलो.

टीव्हीवर लिहून आलं, हा टीव्ही या खात्याच्या घरातला नाही.

मी तार हलवली. डबी बंद करून चालू केली. चहासुद्धा पेलो. तेच! फोन लावला वडशाले.

"मावशी, तुमी काही दाबलं काय?"

"हो! घरी आल्यावर टीव्हीनं इचारलं, हे तुमचं घर आहे काय? मी म्हटलं, हो! खोटं कायले बोलू? मंग म्हणे मालकाले इचारतो. तुमी मंजूर केलं म्हणे. लय मोठं मन तुमचं! आता घर वारंवार बदलता येत नाई, असंही लिहून आलं. मी साऱ्या वडशाले सांगतलं, सुनेच्या भावानं पासवर्ड दिला होता, आता अख्खं खातंच आंदनात दिलं!"

मागून नूतनचं हसू ऐकू आलं. लग्नानंतर ती सासरी इतकी मोकळी हसताना मी पहिल्यांदा ऐकली. बाबा म्हणाले, "दिलं ते दिलं." रीता एवढंच म्हणाली, "बिल कोण भरते हो, आता?"

पन चिमीचं काय झालं? सासूनं दार उघडलं का नाई? मले झोप येईना! शेवटी मीच टीव्ही गोधडीत बांधला अन् काळीपिवळीत मांडीवर घेऊन बसलो. ड्रायव्हर म्हणे, "भाऊ, मंडई तं झाली ना?"

वडशाले मावशीनं पाणी दिलं, टीव्ही मांडला, स्वतः वायफाय जोडून दिलं! मी पाहातच राह्यलो. "दर महिन्याले यावं लागन हां," ती म्हणाली. "भेऊ नोका, टीव्हीत तुमच्या नावाचा वेगळा खाना निकेशकडून करून घेतला."

खरंच होता. वर मोठ्या अक्षरात गिरजाबाई, बाजूले नूतन, निकेश. अन् खाली, फुगे अन् ससे काढलेल्या लहान लेकराच्या खान्यात, मिथुन.

"मावशी, याच्यात चिमी नाई दिसत!"

"कशी दिसन? तुमी काहीही दाबता, म्हणून लहानाइच्या खान्यात ठेवलं, बाकीच्या खान्याइले कुलूप लावलं."

चिमीचं काय झालं ते मले अजून माहीत नाई. मावशी सांगत नाई, म्हणते मजा जाईन. सध्या मी एका अस्वलाची गोष्ट पाहून राह्यलो. वाईट नाई. पुढच्या महिन्यात त्याचे दोनच भाग राह्यतीन.