उष्टी बिंदली

शैलाताई शिर्के ‘श्वास रोखा’ म्हणाल्या की आपण मुकाट्याने रोखायचा. समोर कुकरचं झाकण असो, नाहीतर मुलाचा वाजणारा फोन. आधी पुण्यात आणि मग ऑकलंडमध्ये, त्यांनी अख्खी नोकरी एक्स-रे काढण्यात घालवली. पेशंटला ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ सांगता सांगता ते शब्द जिभेला असे चिकटले की निवृत्तीनंतरही सुटले नाहीत. एकदा माझी बायको त्यांच्याकडे अळूवड्या तळायला गेली होती. पहिली वडी तेलात टाकताना ताई म्हणाल्या, "रोखा!" बायकोने रोखला. मग ताई कोथिंबीर खुडायला परसात गेल्या आणि ‘सोडा’ म्हणायचं विसरल्या. बायको लाल होऊन घरी आली.

दुसरी खोड म्हणजे कुठलीही वस्तू हातात आली की आधी खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरायची. पापड, लग्नाची पत्रिका, आम्ही दिवाळीला दिलेली साडी, सगळ्यांची तपासणी एकाच पद्धतीने. साडी बघून म्हणाल्या, "फ्रॅक्चर नाही." ती पसंतीची पावती होती, हे आम्हाला नंतर कळलं.

पण ऑकलंडमधल्या आमच्या माउंट रॉस्किल उपनगरात त्यांची ख्याती वेगळ्याच कारणासाठी आहे. भर थंडीत, दक्षिणेकडचा वारा कानशिलं बधिर करत असताना, ओहोटीच्या वेळी बीचवर एक ठेंगणी आकृती दिसते. पायात गमबूट, अंगात नवऱ्याचा जुना रेनकोट, डोक्याला माकडटोपी आणि माकडटोपीवर हेडफोन. हातात लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला ताटाएवढी चकती. ती चकती वाळूवरून अशी फिरते, जणू ताई अंगण झाडतायत. खाली धातू असला की यंत्र हेडफोनबाहेरही ऐकू येईल असं कुईं करतं. या यंत्राचं नाव बंड्या. खंडेनवमीला ताई त्याला हळदकुंकू वाहतात, झेंडू घालतात, आणि त्याच्यापुढे पेढा ठेवून स्वतःच खातात.

मला गाडी चालवता येते आणि नाही म्हणता येत नाही, म्हणून दर रविवारी सारथ्य माझ्याकडे. मी किनाऱ्यावर कुडकुडत उभा राहायचो आणि त्या मला शिकवायच्या.

"अभय, ऐक. हा बारीक किणकिणला ना, तो कॅनच्या झाकणाचा कान. घोगरा आला की खिळा. आणि हा बघ, गोल, गोड. रोखा!"

मी रोखायचो. त्या खुरप्याने वाळू उकरायच्या, हाताला लागेल ते उजेडासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "बूच."

बिअरच्या बाटल्यांची बुचं, मासेमारीची शिसं, गंजलेले गळ, एकदा कुणाच्या तरी दातांची कवळी. कवळीच्या तारेमुळे बंड्या बेभान झाला होता. श्रीखंडाचा रिकामा डबा या खजिन्याने भरून जायचा. रोज कुत्रा फिरवायला येणारे टेरी नावाचे माओरी आजोबा लांबूनच माओरीत नमस्कार घालत ओरडायचे, "किया ओरा, शैला! एनी गोल्ड?"

"ओन्ली बूच!"

"आह्, बूच!" टेरी हळहळायचे. त्यांना मराठीतला तेवढा एकच शब्द येतो, पण उच्चार अगदी सदाशिवपेठी.

हे सगळं गमतीचं वाटेल. पण ताई शोधत होत्या ते बूच नव्हतं.

त्यांच्या मुलाच्या, मिहिरच्या बारशाला आजीने मनगटात घालायच्या सोन्याच्या बिंदल्यांची जोडी केली होती. त्यातली एक त्याने पहिला दात आल्यावर चावून चावून चेपवून टाकली. दर गणपतीत ताई ही कथा सांगायच्या. "म्हणून बाप्पाच्या हातात घालायची ती गुळगुळीत. चावलेली कपाटात. देवाला उष्टं कसं घालायचं?" आम्ही दर वर्षी नव्याने ऐकल्यासारखं करायचो. मिहिर फोनमध्ये मान घालून बसलेला असायचा. पोरगा इथेच वाढलेला, आता वेलिंग्टनला आयटीत. मराठी समजतं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत.

गेल्या वर्षीचा गणपती ताईंचे यजमान शिर्केसाहेब गेल्यानंतरचा पहिला. उत्तरपूजा झाली की आधी दागिने उतरवायचे, मग मूर्ती हलवायची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांच्या घरी ते काम साहेबांचं. त्या दिवशी ताई स्वयंपाकघरात शिदोरीचे दहीपोहे कालवत होत्या. त्यांना वाटलं, मिहिरने दागिने काढले. मिहिरला वाटलं, आईने काढले. तो मूर्ती घेऊन गुडघाभर पाण्यात गेला, तीनदा बुडवली आणि हात जोडून परत आला. रिकाम्या पाटाकडे बघताना ताईंच्या लक्षात आलं, बाप्पाच्या हातातली गुळगुळीत बिंदली तशीच पाण्यात गेली.

मी तिथे होतो. वारा जोराचा होता, तरी त्यांचं वाक्य आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "बाबा असते तर असं झालं नसतं!"

मिहिर तसाच ओल्या पँटने पुन्हा पाण्यात शिरला आणि ओठ निळे होईपर्यंत चाचपडत राहिला. दुसऱ्या दिवशी वेलिंग्टनला गेला, तो गेलाच. फोन केला की, "हीप्स ऑफ वर्क, आई." दिवाळीला हीप्स ऑफ वर्क. वडिलांच्या वर्षश्राद्धाला आला, पण सकाळच्या विमानाने येऊन संध्याकाळच्या विमानाने परत.

ताईंनी दुसऱ्याच आठवड्यात बंड्या विकत घेतला. "बिंदली सापडली की येईल तो," त्या म्हणायच्या. "सोनं गेलं त्याचं काही नाही रे. पोराला वाटतंय, त्याने बापाचं काहीतरी बुडवलं." थंडीतल्या वादळांनी वाळू खालीवर होते, तळातलं वर येतं, म्हणून अख्खा हिवाळा त्यांनी एक ओहोटी सोडली नाही. बिंदली काही आली नाही.

यंदा गणपती ऑगस्टअखेर, म्हणजे आमच्याकडच्या थंडीच्या शेपटातच आले. ताईंनी मिहिरला फोन करून सांगितलं, "माझा खांदा दुखतो रे. मशीन धरवत नाही. एकदा तू फिरवून बघ."  मग तो म्हणाला, "ओके. आय'ल कम."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बीचवर उतरलो. मिहिरला कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या छोट्या दुकानात, कॉफी आणायला पिटाळलं आणि ताईंनी रेनकोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत बिंदली!

"सापडली?" मी ओरडलोच.

"हळू बोल. कपाटातली आहे. ही इथे पुरायची आणि त्याला सापडू द्यायची."

"ताई, अहो, हीसुद्धा गेली म्हणजे?"

"कशी जाईल? मी काय आज वाळू उकरतेय का?"

"आणि त्या दातांच्या खुणा?"

"त्याने कधी कान देऊन ऐकलंय का माझं?" त्या जराशा खिन्न झाल्या. "सोनं चकाकलेलं दिसलं की पुरे त्याला. मला नाही, त्याला सापडली पाहिजे, अभय. तरच ते ओझं उतरेल."

 आम्ही वीतभर खोल खड्डा केला, बिंदली ठेवली, वाळू सारखी केली. खूण म्हणून मी माझी एक जॅन्डल, म्हणजे इथली रबरी चप्पल, वर ठेवली. मी बारा महिने जॅन्डल्स घालतो, या देशाने माझं केलेलं तेवढंच वाटोळं. मग एका पायाने लंगडत मी, आणि खांदा अजिबात न दुखणाऱ्या शैलाताई, असे आम्ही गाडीतून बंड्याला आणायला गेलो.

परतताना समोरून टेरी आजोबांचा कुत्रा शेपूट हलवत आला. तोंडात माझी जॅन्डल. मागून टेरी धापा टाकत, "सॉरी, मेट! ही लव्ह्ज जॅन्डल्स!"

मी ताईंकडे बघितलं. माकडटोपीतून दिसत होता तेवढा चेहरा पांढराफटक पडला होता. समोर सपाट वाळूचा एवढा मोठा पट्टा, कुठेच काही खूण नाही, आणि भरती लागलेली. तेवढ्यात कॉफीचे तीन कप सांभाळत मिहिर आला.

"सो, वेअर डू वी स्टार्ट?"

"इथून," ताई म्हणाल्या आणि हाताने जो बीच दाखवला त्यात निम्मं मनुकाऊ बंदर मावलं असतं.

मिहिर चालायला लागला. आई शिकवेल तसा बंड्या फिरवत होता. कुईं. बूच. कुईं. शिसं. कुईं. पुन्हा बूच. ताई त्याच्या मागोमाग, मी ताईंच्या मागोमाग, माझा एक पाय उघडा आणि बर्फ झालेला. पाणी पुढे सरकत होतं. ताईंचे ओठ हलताना दिसले. अथर्वशीर्ष चाललं होतं की स्वतःलाच शिव्या, कळलं नाही. नवऱ्यामागे एक बिंदली गेली होती, मुलापायी दुसरी चालली होती, आणि हे त्याला सांगायचीही सोय नव्हती.

"आई, यू'र फ्रीझिंग," मिहिर थांबून म्हणाला. आपलं जॅकेट काढून त्याने आईच्या रेनकोटावर घातलं. "वी कॅन स्टॉप. इट्स ओके इफ इट्स गॉन."

"थोडं अजून," ताईंचा आवाज चिरका झाला. "त्या बाजूला, बाळा. थोडंच."

तो त्या बाजूला वळला. लाटेची फेसाळ कड बुटाला लागली आणि बंड्या गायला. गोल, गोड.

"रोखा!" ताई ओरडल्या. मिहिरने रोखला, मी रोखला, लांब उभ्या टेरी आजोबांनीही बहुतेक रोखला. मिहिरने गुडघे टेकून नुसत्या हातांनी वाळू उपसली. मग मूठ बाहेर काढली, पाण्यात खळखळली आणि बोटांच्या चिमटीत धरलेली वस्तू उन्हासमोर उंच केली. अगदी आईसारखी. सावकाश फिरवली, एकीकडून, दुसरीकडून. बराच वेळ बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "सापडली."

मराठीत म्हणाला. ताई वाळूतच बसल्या आणि ढसढसा रडल्या. "मी त्या दिवशी बोलले ना, ते मनात ठेवू नकोस रे. मीच काढायला हवी होती. माझंच चुकलं." त्याने आईला उठवलं, माकडटोपीसकट छातीशी धरलं. मला रडू येत होतं आणि थंडीने पायात गोळाही आला होता, त्यामुळे मी नक्की कशामुळे हुंदका दिला ते विचारू नका.

मग ताई डोळे पुसत टेरींकडे धावल्या. "टेरी! नॉट बूच! नॉट बूच!"

त्या लांब गेल्यावर मिहिरने मूठ माझ्यासमोर उघडली. सोन्याच्या कडेवर दोन छोटे खळगे होते.

"काका, दिस इज द चावलेली वन."

मी समुद्राकडे बघायला लागलो.

"शी टेल्स दॅट स्टोरी एव्हरी इयर," तो म्हणाला.  "देवाला उष्टं कसं घालायचं? आय नो इट बाय हार्ट. डोन्ट टेल हर, ओके?" आणि त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावले.

ताई परत आल्या तर हा बंड्या घेऊन चाललेला. "अरे, आता काय शोधतोस?"

"बुचं," मिहिर म्हणाला. "हीप्स आहेत, आई. नेक्स्ट मंथला येतो ना, तेव्हा त्या टोकापासून सुरू करू."

दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठापना झाली. दागिने घालायची वेळ आली तेव्हा ताईंची जरा अडचण झालेली मला दिसली. हातात बिंदली, शेजारी मुलगा, समोर देव. त्यांनी ती बाप्पाच्या हातात अडकवली, खळगे मागच्या बाजूला फिरवले आणि कानाशी तोंड नेऊन पुटपुटल्या, "एवढ्या वेळी चालवून घे रे." मिहिर डोळे मिटून, हात जोडून उभा होता. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा संपताक्षणी त्याने सगळ्यांच्या आधी पुढे होऊन बिंदली काढून घेतली, खिशात घातली, आणि मग मूर्ती हलवली.

तो आता दर महिन्याला येतो. मायलेकरं ओहोटीच्या वेळी बीचवर जातात. एक बंड्या फिरवतो, एक मागून सूचना देते. त्याला वाटतं, त्याने बिंदली ओळखली हे आईला माहीत नाही. आईला वाटतं, मुलाला माहीत नाही. दोन्हीकडच्या शपथा माझ्या गळ्यात आहेत. यंदाच्या गणपतीपासून मी श्वास रोखून बसलोय, आणि ‘सोडा’ म्हणायला दोघांपैकी कुणीच तयार नाही.