मगदूम आण्णांची लिफ्ट

आमच्या शाहूपुरीतल्या अपार्टमेंटची लिफ्ट दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बंद पडते. सकाळी दहाला पडते आणि बाराला आपोआप बरी होते. का पडते हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. लिफ्टची किल्ली सोसायटीचे सेक्रेटरी मगदूम आण्णा यांच्या लेंग्याच्या खिशात असते आणि आण्णा स्वतः तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची टाकून, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून बसलेले असतात.

बाजाराच्या पिशव्या घेऊन चढणाऱ्या बायकांची ते वेळ लावतात. फक्त बायकांची. पुरुष आला तर पाय आखडून वाट देतात, पेपरातून डोकंही वर काढत नाहीत. एकदा आमच्या यांनी हौसेनं विचारलं, “आण्णा, माझी पण लावा की.”

“बाप्यांना काय धाड भरलीया?” आण्णा म्हणाले. “बाप्याला शिंक आली तरी घरातली पाच माणसं गोळा हुत्यात. बाई दम लागून पायरीवर बसली, तर म्हणत्यात चप्पल तुटली असंल.”

कागलच्या एमआयडीसीत पंपाचे व्हॉल्व्ह करणाऱ्या कारखान्यात आण्णा तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नाही. जगात त्यांच्या लेखी दोनच गोष्टी, पास आणि रिजेक्ट. मंडईतले टोमॅटो, सोसायटीचा रंग, माझी कांदालसूण चटणी, सगळं या दोनांपैकी एका खणात जाऊन पडतं. चटणी दोनदा रिजेक्ट झाली, हे मी अजून विसरलेले नाही. आणि त्यांच्यासमोर “चालतंय की” म्हणायची सोय नाही. कोल्हापुरात राहून हे दोन शब्द टाळायचे म्हणजे श्वास न घेता जगण्यासारखं, पण आण्णा लगेच खवळतात. “चालतंय म्हंजे बंद पडाय लागलंय!”

तर अशाच एका रविवारी मी मेथीच्या जुड्या घेऊन चढत होते. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. तिसऱ्यावर आले आणि थांबले. गेले काही महिने मी तिथे थांबायचेच. पर्समधून फोन काढून वाचत उभी राहायचे, म्हणजे कुणाला काही वाटत नाही.

“अक्का,” आण्णा म्हणाले, “फोन काळा हाय. कुणाचा मेसेज वाचताय?”

मला भयंकर राग आला. मी शाळेत गणित शिकवते, चाळीस पोरांच्या चोऱ्या पकडते, आणि मलाच कुणी पकडावं? “तुम्ही आपलं स्टॉपवॉच बघा,” असं म्हणून मी तरातरा वर गेले आणि दार लावून दहा मिनिटं खाली बसून राहिले. आमचे हे म्हणाले, ॲसिडिटी असेल. मलाही तेच सोयीचं वाटलं.

संध्याकाळी आण्णा दारात. मी बसा म्हणायच्या आत ते बसलेसुद्धा. त्यांच्या पत्नी आम्ही इथे यायच्या आधीच गेल्या होत्या, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं, तेही कारखान्यातला रिपोर्ट वाचल्यासारखं.

“माझ्या काळजात व्हॉल्व्ह बसवलाय. मागनं मालकिणीलाबी बसवला. डॉक्टर येकच, कंपनी येकच. माझा अजून चालू हाय. ती चार वर्सांत गेली. माल सेम, मग फरक कुठं पडला? डॉक्टरला जाऊन इचारलं. ते म्हटले, व्हॉल्व्ह चांगलाच हुता, त्याच उशिरा आल्या. लई बायका उशिरा येत्यात. तवर काळीज दमल्यालं असतंय, मग नवा व्हॉल्व्ह बसवून बी म्होरची वर्सं बाप्यांएवढी मिळत न्हाईत.”

त्यांनी खिशातून लिफ्टची किल्ली काढली आणि परत ठेवली.

“माझ्या ऑपरेशनच्या वक्ताला तिलाबी दम लागत हुता, अक्का. म्हटली, तुमचं होऊ दे आधी, माझं चालतंय की. आनि तीस वर्सं इन्स्पेक्शन केल्याल्या माणसानं ते पास केलं.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा काढून डॉक्टरांकडे गेले. माझा एक व्हॉल्व्ह अरुंद झाला होता. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालंसुद्धा.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका दुपारी मी घरात एकटीच असताना आण्णा आले. हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बसले, उठले, परत बसले. इतके अवघडलेले आण्णा मी कधी पाहिले नव्हते.

“राग धरू नका, अक्का. येक इचारायचं हाय. लेकीला इचारवना.”

त्यांनी पेपर सोडला. आत एक विटका जांभळा ब्लाऊज होता. पुढची हुकं उसवून ती पट्टी हातशिलाईनं बंद केलेली, आणि हुकं डाव्या काखेखाली लावलेली.

“कपाटात समदे असेच हैत. तिनं बसून हातानं बदलले. का बदलले? सहा वर्सं इचार करतोय, मला सुधरंना.”

मला बघताक्षणी कळलं. ऑपरेशन झाल्यापासून मी गाऊनवरच वावरत होते.

“आण्णा, छातीवर व्रण राहतो ना, हुकं बरोबर त्याच्यावर येतात. काचतात. आग होते.”

“किती दिवस?”

“मला अजून होते. त्यांना कदाचित शेवटपर्यंत होत असेल.”

आण्णा ब्लाऊजच्या त्या बंद केलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. “मी तर दोन महिनं गॅलरीत उघडाच बसलोतो,” ते म्हणाले. “हीच वारा घालत हुती. आनि ही माझ्याम्होरं बसून टाके घालायची, तवा मी म्हणायचो, काय रिकामा उद्योग लावलाईस.”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आण्णांनी ब्लाऊजची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली. मी चहा टाकते म्हटलं, तर नको म्हणाले.

“जातो आता. घरात कोण वाट बघत न्हाय म्हणा,” ते म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले.