काचेतली बाई कुणाच्या मापाची?

बारीकशेठनी खोकं उघडून पहिला ड्रेस दोन्ही हातांनी वर धरला, तेव्हा मागचं कपाट, शिलाई मशीन आणि मशीनवर बसलेले मास्तर असं सगळंच एकदम दिसेनासं झालं.

"शेठ, ड्रेस आहे की पडदा?" पलीकडून मास्तरांचा आवाज आला. दुकानातले कपडे उसवून, आवळून, सैल करून देणं हे मास्तरांचं काम, आणि त्या बदल्यात खरं बोलणं हा त्यांचा हक्क.

"हळू बोला. नटीचे कपडे आहेत ते."

नटी साधीसुधी नव्हती. पडद्यावर होती तोवर तिच्या कमरेवर गाणी निघाली, आणि अंगाने भरली तशी त्याच कमरेवर टवाळी सुरू झाली. दुसरी एखादी दार लावून रडत बसली असती. हिने भरल्या अंगाच्या बायकांसाठी स्वतःच्या नावाचे कपडे काढले आणि ते या गावात विकायचा मान बारीकशेठच्या दुकानाला मिळाला. दारावर तिचं मोठं चित्र लागलं. कमरेवर हात ठेवून ती खळखळून हसत होती.

ते हसणंच गावाला खटकलं. जो तो थांबायचा, डोळे बारीक करून चित्राकडे बघायचा आणि मान हलवून पुढे जायचा.

"कुठेतरी पाणी मुरतंय," एक म्हणाली. "एवढं कापड आणि किंमत तीच? पहिल्या धुण्यात निम्मं होणार बघ."

"स्वतः जाड झाली, आता सोबत शोधतेय," दुसरी म्हणाली.

"तसं नाही गं. आधी कपडे खपवायचे, मग बारीक व्हायचं औषध. याद्या करत असतील आत."

या भीतीने आत येणारी प्रत्येक बाई दारातच सांगून टाकायची, "माझ्यासाठी नाही हं, नणंदेसाठी बघतेय." आठवडाभरात शेठना कळलं, की गावातल्या झाडून सगळ्या नणंदा अंगाने भरलेल्या आहेत आणि झाडून सगळ्या भावजया प्रेमळ. त्या नणंदाही मागाहून येऊन भावजयीसाठी म्हणून विचारून गेल्या. ड्रेस मात्र एकही हलला नाही.

त्यात काचेतल्या पुतळ्याची अडचण. तो जन्माचा काटकुळा. त्याच्या अंगावर हा ड्रेस म्हणजे खुंटीवर वाळत घातलेली छत्री. कंपनीच्या माणसाने फोनवर बजावलं, "काचेत भरलेली आकृती दिसली पाहिजे. नाहीतर माल परत पाठवा."

पुतळा फुगवायला जुन्या गादीचा कापूस होता. पण भरायचा किती, आणि कुठे? माप तर हवं.

"गिऱ्हाइकांपैकी एखादीला विचारू या?" मास्तर म्हणाले.

"विचारा. उद्यापासून आपण दोघं भाजी विकू."

"मग घरी वहिनी..."

"ती काडीसारखी. आणि मला घरात राहायचंय, मास्तर."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि शेठकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मधे त्यांची नजर जरा जास्त रेंगाळली. "शेठ, राग मानणार नसाल तर..."

इथे सांगायला हवं, की 'बारीक' हे नाव शेठना शाळेतल्या पोरांनी ठेवलं होतं. तेव्हा ते खरंच वाऱ्याने उडतील असे होते. पुढे अंग वाढलं, नाव तेवढंच राहिलं, आणि आरसा व नाव यांत शेठनी कायम नावावर विश्वास ठेवला. चारचौघांत ते पोट आत ओढूनच वावरत. ट्रायल रूमचा पडदा लावून मास्तरांनी टेप गुंडाळली.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"मग जो धरलाय तो सोडा."

शेठनी सोडला. टेप मास्तरांच्या हातातून सरसर पुढे गेली. मास्तरांनी मोठ्या मनाने आकडा न उच्चारता खडूने लिहून घेतला.

"हे आपल्या दोघांतच," शेठ कळवळून म्हणाले.

"माझ्या कात्रीची शपथ."

पुतळा भरला, ड्रेस चढला, आणि काय सांगावं! गडद निळा रंग, डौलदार घेर. काचेत एक भारदस्त बाई उभी राहिली. शेठ रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. असं बरं दिसतं माणूस, हे त्यांना नव्यानेच कळत होतं.

सकाळी शाळेत जाणारी चिमुरडी पोरं काचेपाशी थबकली. दप्तरं सावरून एका सुरात ओरडली, "नमस्ते, बाई!" आणि खिदळत पळाली. शेठना गंमत वाटली. ती दुपारच्या सुट्टीपर्यंत टिकली. सुट्टीत मुख्याध्यापिका स्वतः आल्या.

"शेठ, ही मी आहे का?"

"कोण, बाई?"

"काचेतली. माझ्या शाळेतली मुलं तिला नमस्ते करतात. मलासुद्धा एवढ्या आदराने करत नाहीत."

"छे छे! तुमचं माप मी कशाला..."

"मग कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"कुणाचंच नाही असं माप असतं का? शून्याला कंबर असते?" मुख्याध्यापिका गणित शिकवत. "उद्यापर्यंत काहीतरी करा."

तोंड ओळखीचं वाटत असेल, म्हणून शेठनी पुतळ्याची पाठ रस्त्याकडे केली. आता गावात तोंडापेक्षा पाठीने जास्त ओळखली जाणारी एकच व्यक्ती होती: गायनवर्गाच्या बाई. प्रत्येक कार्यक्रमात त्या गाणाऱ्या मुलांकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून हातवारे करीत. संध्याकाळच्या आत त्या दुकानात हजर.

"माझ्या पाठीने तुमचं काय घोडं मारलंय?"

"बाई, ती तुमची नाही!"

"वीस वर्षं लोक बघताहेत ती. तीन जणांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं."

शेठनी दोन्ही हात जोडले आणि त्या नादात पोट बाहेर आलं. ते घाईघाईने आत ओढलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. शेठच्या बायकोचे वडील शिंपी. रस्त्यापलीकडून नुसती नजर टाकून ती माप सांगायची. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, काचेसमोर थांबली आणि डबा तसाच हातात धरून आत शिरली.

"हे माप माझं नाही."

"नाहीच मुळी."

"तुमच्या ताईंचं नाही, वन्संचं नाही. मुख्याध्यापिका खांद्यात रुंद. गाण्याच्या बाई उंचीला कमी. म्हणजे गावातली मला माहीत नसलेली कुणीतरी आहे."

"अगं, ते मनाने घेतलेलं माप आहे. कल्पनेतलं."

"कल्पनेतलं?" तिने डबा आपटला. "अंदाज मला शिकवू नका. टेप लावल्याशिवाय असं माप येत नाही. अंगाभोवती टेप लावलीय कुणाच्या तरी!"

मास्तरांनी मशीन जोरात चालवायला घेतलं. सुईखाली कापड नव्हतं.

शेठच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण संसारभर ते बायकोला 'माझं कुठे काय वाढलंय' असं सांगत आले होते. ते म्हणाले, "संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी ती दुकानात आली ती हातात पिशवी घेऊन. घराची किल्ली तिने गल्ल्यावर ठेवली. "मी बहिणीकडे चालले. भाजी चिरून ठेवलीय. ती बाई येणार असेल तर फोडणी तीच देईल."

नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका आणि गायनवर्गाच्या बाई जोडीने दारात आल्या. शेठना दिलेली मुदत संपली होती आणि पुतळा जागेवरच होता.

"वहिनी, तुम्हीही?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. "तुम्हाला तरी सांगितलं का, कोण आहे ती?"

"मला सांगितलं असतं तर पिशवी भरली असती का?"

तिघी शेठकडे वळल्या. शेठनी किल्लीकडे पाहिलं, मग पिशवीकडे. पिशवीतून बायकोची उशी डोकावत होती. उशी घेऊन निघालेली बाई दोन दिवसांत परत येत नसते, एवढं त्यांना कळत होतं.

"मास्तर," ते खोल आवाजात म्हणाले, "पुतळ्यावरचा ड्रेस काढून द्या."

"शेठ, विचार करा..."

"द्या म्हणतो ना."

ड्रेस घेऊन शेठ ट्रायल रूममध्ये गेले. आत धडपडीचे आवाज झाले, एकदा "अयाई गं" ऐकू आलं, आणि पडदा सरकला. निळ्या ड्रेसमध्ये, मिशांसकट, बारीकशेठ उभे होते. मग त्यांनी कित्येक वर्षांचा धरलेला श्वास सोडला. पोट हलकेच पुढे आलं आणि ड्रेसमध्ये असं बसलं, की ना एक चुणी, ना एक सुरकुती.

बायको पुढे झाली. तिने खांद्याची शिवण बघितली, बगलेत बोट घालून बघितलं, मागे जाऊन पाठ बघितली. शिंप्याची मुलगी ती, खात्री झाल्याशिवाय बोलणार नाही.

"हेच," ती म्हणाली. "टाक्याटाक्याने हेच."

तेवढ्यात काचेबाहेर शिकवणीहून परतणारी चिमुरडी पोरं थांबली. रिकामा पुतळा सोडून त्यांनी आत पाहिलं आणि हात हलवत ओरडली, "नमस्ते, बाई!"

मग मात्र गायनवर्गाच्या बाई खाली बसल्या. त्यांना हसू उभ्याने पेलवेना. मुख्याध्यापिका डोळे पुसत होत्या. मास्तरांनी मशीन थांबवलं. बायकोने पदर तोंडात कोंबला होता, तरी तिचे खांदे हलत होते.

हसू ओसरल्यावर मुख्याध्यापिकांनी शेठना पुन्हा एकदा नीट न्याहाळलं. "खरं सांगू? मिशा सोडल्या तर छान दिसतोय. माझ्या मापाचा आहे का यात?"

"आहे ना! नणंदेसाठी?" शेठनी सवयीने विचारलं.

"माझ्यासाठी," मुख्याध्यापिका ठणकावून म्हणाल्या.

"मलाही," गायनवर्गाच्या बाई म्हणाल्या. "पाठ मात्र नीट बसू दे."

बायकोने किल्ली उचलून कमरेला खोचली आणि पिशवी शेठच्या हातात दिली. "चला. आणि उद्यापासून शर्टाचं माप मी घेणार. श्वास सोडून."

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेतली बाई पुन्हा दिमाखात उभी होती, तोंड रस्त्याकडे करून. शेठ दाराचं कुलूप काढत होते. शाळेत निघालेल्या चिमुरड्यांमधली सगळ्यात लहान मुलगी मागे रेंगाळली. तिने पुतळ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, पुन्हा पुतळ्याकडे पाहिलं. तिचे डोळे बारीक झाले.

"काका, ही तुमची कोण?"

शेठनी सवयीने पोट आत ओढलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, सोडून दिलं.

"जुळी बहीण," ते म्हणाले. "पळ आता, घंटा होईल."