येते म्हटल्यास एकोणीस वर्षं

हिवरखोरे ते दाभेगाव हे विमानाचं अंतर एकशे शहाऐंशी किलोमीटर आहे. निघताना 'जातो' म्हटलं तर चाळीस मिनिटं लागतात, 'येतो' म्हटलं तर एकोणीस वर्षं.

हिवरखोऱ्याच्या विमानतळावर प्रवाशाचा शब्द नोंदवायचं काम माझ्याकडे आहे. काम सोपं, पण आमच्या लोकांपुढे डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, ते अशुभ, हे यांना बोलता यायच्या आधीपासून शिकवलेलं. मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे. ती वाचतात, माना डोलावतात आणि वळून म्हणतात, "बरंय, येतो."

या जानेवारीत सकाळी कुमुदिनी ढवळे आल्या. दाभेगावच्या दवाखान्यात त्यांचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतची वेळ दिली होती, आणि पूल खचल्यामुळे रस्ता बंद होता. पोचवायला सासूबाई आणि सहा वर्षांची सई आल्या होत्या.

"दादा, बाबा भेटतील ना मला?"

"चाळीस मिनिटांत पोचाल, ताई. फक्त त्या पिवळ्या पट्टीवर उभं राहून शब्द सांभाळा. पहिला बोलाल तो धरतात. दुरुस्ती नाही."

पट्टीकडे जाताना त्या 'जाते, जाते' असं घोकत राहिल्या. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

"अगं, पोरीसमोर काय बोलतेस हे!"

पट्टीवर उभ्या राहून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सईनं त्यांची ओढणी धरली.

"आई, येशील ना गं?"

"येते गं राणी, लगेच येते."

दोनदा म्हणाल्या. मी एकदाच नोंदवलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

चूक कळल्यावर त्या पांढऱ्याफटक पडल्या. "मग मी बसतच नाही विमानात. मला नाही जायचं."

"आता म्हणून काय उपयोग, ताई? शब्द चढला की माणूस चढलेला असतो."

हे मी नियमावलीतलं वाक्य म्हटलं. म्हणताना माझी मलाच लाज वाटली. त्यांनी सईच्या वेणीची रिबीन नीट केली आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या एकट्याच प्रवासी होत्या.

विमान उडालं आणि नेमून दिलेल्या वेगाला लागलं. एकोणीस वर्षांनी भागलं की रोजचे सत्तावीस मीटर येतात. साडेपाचला दाभेगावहून फोन आला की त्यांचे वडील गेले. तोवर विमान सात मीटर पुढे सरकलं होतं. खिडकीत त्या दिसत होत्या. ही बातमी त्यांना खालून ओरडून सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

सध्या विमान शाळेच्या पटांगणावर आहे. अजून चार दिवस तिथे राहील, मग ओढ्याकडे सरकेल. मधल्या सुट्टीत सई त्याच्याखाली बसून डबा खाते. बाकीची मुलं सावलीसाठी तिथेच बसतात.

काल शाळा सुटताना मी तिकडून चाललो होतो. सासूबाई फाटकापाशी नातीची वाट बघत उभ्या होत्या. सईनं दप्तर पाठीला लावलं, मान वर केली आणि हात हलवून जोरात ओरडली, "आई, जाते गं!"

सासूबाईंनी या वेळी कानांवर हात ठेवले नाहीत.