अकरा घरांतली कादंबरी

अमोलिक काकांची कादंबरी कोल्हारात अकरा घरांत राहत होती. एका घरात एकच प्रकरण. पहिलं शिंप्याकडे, दुसरं दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे, पाचवं स्टँडवर भेळेची गाडी लावणाऱ्या गंगूबाईकडे, सातवं माझ्याकडे. ती सलग कुणीच वाचलेली नव्हती आणि लेखकाकडे तिची दुसरी प्रतही नव्हती. मराठी लेखकांच्या घरी त्यांच्याच पुस्तकांचे गठ्ठे पाहायची मला सवय होती. स्वतःच्या घरात स्वतःचं एक पान नसलेला लेखक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"सगळं एका जागी ठेवलं की ते कुनाच्या तरी हाती पडतंच, मास्तर," काका म्हणायचे. "ह्याच्यावरच तर कादंबरी हाय."

शांतवन अमोलिक हे आमच्या गावच्या टेलिफोन एक्स्चेंजचे ऑपरेटर. तीस वर्षं त्यांनी कानाला हेडफोन लावून एका बोर्डापुढे काढली. तेव्हा परगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल लावायचा. आपण नंबर द्यायचा, तासभर बसायचं, आणि काका इकडची तार तिकडच्या तारेला जोडून द्यायचे. मधे त्यांना सगळं ऐकू येई. लाइनवर ते पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत, "कृपया प्रतीक्षा करावी," आणि हेडफोन काढला की पुन्हा कोल्हारचे होत.

"तुम्ही ऐकायचा का हो?" मी एकदा विचारलं.

"ऐकल्याबिगर लाइन नीट हाय का कसं कळनार? कान सरकारी हुते, मास्तर. पोट माझं हुतं."

पुढे आपोआप चालणारं यंत्र आलं, बोर्ड निघाला, आणि काका निवृत्त होऊन घराच्या ओट्यावर बसले. यंत्राबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "त्याला कान हायेत, पोट न्हाई. आज ऐकल, उद्या कुनालाबी ओकून दाखवल. देव बी सगळं ऐकतो, पन कुनाला सांगतो का? म्हनून तर देव." हे सांगताना ते चर्चच्या दिशेनं मान हलवत. रविवारी ते तिथे पेटी वाजवत असल्यामुळे आतल्या गोटातली माहिती असावी.

कादंबरीचं कथानक त्यांनी मला ओट्यावरच सांगितलं होतं. नगरच्या भुईकोट किल्ल्याखाली एक प्रचंड यंत्र आहे, त्याचं नाव 'मोठा कान'. राज्यातल्या झाडून सगळ्या तारा तिथे जाऊन मिळतात. यंत्रापुढे सफारी घातलेला एक माणूस बसतो. तो कुणाला मारत नाही, धमकावत नाही. फक्त एखादा निरोप दोन दिवस उशिरा पोचवतो, एखादा भलत्यालाच पोचवतो, आणि मग लग्नं मोडतात, कारखान्यांच्या निवडणुका फिरतात, सरकारं पडतात. कुणालाच कळत नाही की आपल्याला जे कळलं ते कुणीतरी निवडून दिलेलं होतं. त्याच्याशी लढणारा नायक सॅम्युअल, वय अठ्ठावन्न, निवृत्त ऑपरेटर, गुडघे दुखतात. खलनायकाचा पाठलाग तो एस.टी.नं करतो. ऐन पाठलागात पाऊण तास श्रीरामपूर स्टँडवर बसून राहणारा नायक मला दुसऱ्या कुठल्या थरारकथेत भेटलेला नाही.

काका जगतही तसेच. एसटीडी बूथवर बोलून झालं की लावलेल्या नंबराची छापील चिठ्ठी मिळते. तिचे ते चार तुकडे करत. एक बूथजवळच्या गटारात, एक पिंपळाखाली, आणि उरलेले दोन प्रवरेच्या पुलावर जाऊन, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. जनगणनेला आलेल्या गुरुजींना त्यांनी अर्धा तास उलट प्रश्न विचारले. शेवटी गुरुजींची सगळी माहिती काकांना कळली आणि काकांचं फक्त आडनाव गुरुजींना.

कॉम्प्युटर त्यांनी पाहिलेला नव्हता, म्हणून मी त्यांना साखर कारखान्यात घेऊन गेलो. गार हवेच्या खोलीत, चपला बाहेर काढून, आम्ही प्लास्टिकच्या खोळीतल्या त्या दैवतापुढे उभे राहिलो. तिथला अधिकारी त्याचे गुण गाऊ लागला. काकांनी एकच विचारलं, "ह्याची वायर बाहेर कुठं जाती?"

"बाहेर कुठेच नाही. फक्त विजेची."

"मग ह्ये कपाट हाय," काका म्हणाले आणि चपला घालायला निघाले.

चार वर्षांनी नगरला इंटरनेटचं पहिलं दुकान निघालं तेव्हा मात्र ते स्वतःहून माझ्याबरोबर आले. दुकानदारानं वहीत नाव लिहायला सांगितलं. काकांनी माझं लिहिलं. मग तो पोरगेलासा माणूस समजावू लागला की इथून पत्र टाकलं की क्षणात अमेरिकेत. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. परतीच्या गाडीत राहुरी येईपर्यंत ते खिडकीबाहेर तारांचे खांब मोजत होते. मग म्हणाले, "ट्रंक बुकिंगच हाय की. फकस्त मधला ऑपरेटर कोन, ते सांगत न्हाईत."

त्यानंतर मी त्यांना हसणं थोडं कमी केलं.

सातवं प्रकरण माझ्याकडे येऊन तोवर वर्ष झालं होतं. "मास्तर, ह्ये तुमच्याकडं राहू द्या. वाचायचं तर वाचा. दुसऱ्या घरचं मातर मागायचं न्हाई." मी ते कपाटात ठेवलं. महिन्याभरानं त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "छान आहे. भाषा ओघवती आहे." समीक्षेत हे वाक्य न वाचलेल्या पुस्तकासाठीच राखून ठेवलेलं असतं. काकांनी फक्त मान डोलावली.

आणि मग प्रकाशक आले. नगरचे. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर नाव खाली आणि वर सात पदं होती. कॉम्प्युटरसारख्या यंत्राविषयीची कादंबरी म्हटल्यावर ते म्हणाले, "एकविसाव्या शतकाची साहित्यकृती!" पुस्तक पाहण्याआधी त्यांनी प्रकाशन समारंभाचे पाहुणे ठरवले. अट एकच, दिवाळीच्या आत निम्म्याहून जास्त मजकूर टेबलावर हवा. "अकरातली सहा प्रकरणं आणा. उरलेली आमचा माणूस लिहील."

मला वाटलं काका उडवून लावतील. पण ते भलतंच बोलू लागले.

"मार्था रोज विचारायची," ते म्हणाले. मार्थाकाकू जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. "डबा धुताना विचारायची, आज काय झालं? मी म्हनायचो, काय न्हाई. आख्ख्या गावाचं जगनं-मरनं ऐकून यायचो आन तिला म्हनायचो, काय न्हाई. तिला वाटायचं, माझ्याशी बोलायला ह्या मानसाकडं काय नसतंच." मग म्हणाले, "छापून आलं असतं तर बरं झालं असतं. तुमी फिरा. ज्यानं दिलं त्याचं घ्या. न दिलं त्याला ज्यादा विचारू नका."

मी सायकल काढली. शिंप्यानं पहिलं प्रकरण दिलं, कंपाउंडरनं दुसरं. दोन्हींत नुसती यंत्राची वर्णनं होती. आणखी दोन घरांतून तशीच मिळाली. गंगूबाईनं तर पाचवं माझ्या अंगावरच टाकलं. "छापा की! आन नाव बी माझंच घाला, काय चोरी केली का मी? नवऱ्याला सोडलं ते फोनवरच सांगितलं हुतं, सगळ्या स्टँडाला ठावं हाय."

मला नीट कळलं नाही. मी पुढे गेलो.

बाकीच्या पाच घरांत मात्र साहित्याचा सामुदायिक संहार झाला होता. एकाकडे उंदरांनी खाल्लं. एकाकडे पावसात भिजलं. निवृत्त तलाठ्यांनी ते पुरात गेल्याचं सांगितलं. त्या साली प्रवरेला गुडघाभर पाणी होतं. एक बाई तर ट्रंकेवर बसून म्हणाल्या की आमच्याकडे ट्रंकच नाही. वाचनसंस्कृतीविषयी कडवट विचार करत मी घरी आलो. पाच हातात होती. सहा पुरी करणारं सातवं माझ्याच कपाटात होतं.

"हे देताय छापायला?" बायकोनं विचारलं.

"का?"

"तुम्ही वाचलंय ना? अभिप्राय दिलाय म्हणे."

ती चहा ठेवायला आत गेली. मी पानं उलगडली.

मोठ्या कानाला चुकवून सॅम्युअल एका गोदामात लपलेला असतो, आणि त्याला एक जुना कॉल आठवतो. एका विधवा बाईचा मुलगा दूर चाळीसगावला मास्तर असतो. त्यानं आईच्या मनाविरुद्ध, जातीबाहेर लग्न केलेलं असतं. दोन वर्षं दोघं बोललेले नसतात. ती बाई तीनदा एक्स्चेंजवर येते, पदराच्या गाठीतून शाळेच्या नंबराची चिठ्ठी काढते, आणि न बोलता परत गाठ मारून निघून जाते. चौथ्या वेळी ऑपरेटर स्वतःच तिच्याकडे माणूस धाडतो, 'तुमच्या मुलानं ट्रंक लावलाय, लवकर या.' आणि शाळेत मुलाला सांगतो, 'आपल्या मातोश्रींनी ट्रंक लावला आहे, कृपया बोलावे.' तीस वर्षांच्या नोकरीतली त्याची ही एकच लबाडी. बाई दाराबाहेर चपला काढते, डोक्यावरचा पदर सारखा करते, मग फोन हातात घेते. दोन्ही टोकं चाळीस सेकंद गप्प. मग ती विचारते, 'सूनबाई चहा साखरेचा पिती का गुळाचा?'

ते चाळीस सेकंद मला आठवत होते. लाइन खराब आहे असं मला वाटलं होतं. हेडमास्तरांच्या खोलीत उभा राहून मी मनात म्हणालो होतो, शेवटी तीच नमली. पुढच्याच रविवारी बायकोला घेऊन मी कोल्हारला आलो, आणि मग बदली करून घेऊन इथेच राहिलो. आई पुढे बारा वर्षं जगली, सुनेच्या हातचा चहा पीत. शेजारणींना ती काय सांगायची हे मला माहीत होतं. "शेवटी त्यानंच फोन केला." मी ते कधी खोडलं नाही. म्हातारीचा मान राहू दे, असं मला वाटे. तिलाही माझ्याबद्दल नेमकं तेच वाटत असणार.

चहा घेऊन बायको दारात उभी होती. "मी केव्हाच वाचलंय," ती म्हणाली.

सकाळी मी ती पानं घेऊन काकांकडे गेलो. पाच घरांतले उंदीर, पाऊस आणि पूर मला आता कळत होते: ज्याच्या कॉलवर प्रकरण, ते त्याच्याच घरी. गावात सगळ्यांना कळेल की मास्तर दोन वर्षं आईशी बोलत नव्हता, कळू दे. एवढं देणं तर मी लागत होतोच. काका ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"हे सातवं," मी म्हणालो. "सहा झाली."

"वाचलंत?"

"काल."

"आन ती ओघवती भाषा?"

"ती न वाचता."

"वाटलंच मला. वाचून इतकं चांगलं कोन म्हनंल?"

त्यांनी पानं घेतली. एकेक उलटून पाहिलं, कडा जुळवल्या, मांडीवर ठेवली. खूप वेळ ठेवली. त्यांना ती किती हवी होती ते मला दिसत होतं.

"तुमची हरकत न्हाई," ते म्हणाले. "पन कॉलला दोन टोकं असत्यात, मास्तर. त्या टोकाला कोन विचारनार?"

"काका, आईला जाऊन सहा वर्षं झाली."

"म्हनून तर." त्यांनी पानं माझ्या हातात परत दिली. "ह्ये तुमचं हाय. तुमच्याकडंच राहू द्या."

कादंबरी छापली गेली नाही. त्या दिवाळीत प्रकाशकांनी एका चेअरमनसाहेबांचा कवितासंग्रह काढला. पाहुणे तेच होते.

पण ते नंतरचं. त्या सकाळी मी उठायला लागलो तेव्हा काका खाली बघतच म्हणाले, "तुमी फोन ठेवल्यावर त्या थोडं बोलल्या हुत्या. रिकाम्या तारेत. त्यांना वाटलं कुनी न्हाई."

मी पुन्हा बसलो. "काय म्हणाली?"

"ते मी लिहिलेलं न्हाई."

"सांगा ना. मी मुलगा आहे तिचा."

"तुमच्यासाठी असतं तर तुमी ठेवायच्या आधी बोलल्या असत्या."

मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, पण आला नाही. आईचं एक वाक्य चार घरं सोडून एका ओट्यावर शाबूत होतं, आणि ते माझ्यापासूनसुद्धा सांभाळणारा माणूस माझ्यासमोर बसला होता.

काकांनी शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली. ऊन ओट्यावर येईपर्यंत आम्ही फोडत बसलो. एकट्या माणसाला एवढे शेंगदाणे कशाला, हे माझ्या तोंडावर आलं होतं. मी विचारलं नाही.